खर्जाला जागा लागते

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ला तर ४च्या वर तीव्रतेचा धक्का बसला. पण बहुतेक धक्के लहान होते, आणि हे लहान धक्के नुसते जाणवत नव्हते, ऐकूही येत होते. जमिनीखाली कुठेतरी धडाका व्हायचा, पाठोपाठ मांडणीवरची भांडी वाजायची आणि क्षणात सगळं शांत.

या आवाजामागचं कारण सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, समजून घ्यायला फार उपयोगी पडतं. खडकाचा लहान तुकडा सरकला की त्यातून निघणारी कंपनं तुलनेने जलद असतात. मोठा पट्टा सरकला की त्यांत संथ कंपनांचा भरणा जास्त. सेकंदाला साधारण २०पेक्षा कमी, म्हणजे २० हर्ट्झच्या खालची कंपनं माणसाचा कान आवाज म्हणून धरत नाही. लहान धक्क्यांतली बरीच कंपनं त्या रेषेच्या वर असतात, आणि धक्का उथळ असला तर ती वाटेत विरून जायच्या आत पृष्ठभागाला पोचतात. मग जमिनीचा तो अख्खा पट्टाच स्पीकरच्या पडद्याचं काम करतो आणि वरची हवा ढकलतो. शेतं, पाडे, रस्ते धरून एवढा थोरला पडदा. तो हलतो मिलीमीटरच्याही अंशाने, तरी घर घुमतं. खर्ज काढायचा तर भरपूर हवा हलवावी लागते, आणि पडदा मोठा असेल तर तो जरासा हलला तरी भागतं.

१९७४ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने हेच उलट्या बाजूने करून पाहिलं. ‘अर्थक्वेक’ नावाच्या चित्रपटासाठी त्यांनी ‘सेन्सराउंड’ ही व्यवस्था उभारली. सर्विन-व्हेगा या कंपनीने बनवलेले अवाढव्य स्पीकर चित्रपटगृहांत मांडले आणि भूकंपाच्या प्रसंगी त्यांतून कानाला जेमतेम ऐकू येईल अशी खोल घरघर सोडली. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये तर छताचं प्लॅस्टर प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून खाली जाळी बांधावी लागली. घरगुती सबवूफर त्याच्याच आसपासच्या काळात जन्माला आला, पण लोकांना खालच्या सुरांची चटक लावली ती अशा चित्रपटगृहांनी.

आता आशागडला येऊ. डहाणूहून जव्हारकडे निघालं की लागणारं हे गाव. अशा गावात एकाच पाड्यावर तीन तऱ्हेची घरं शेजारीशेजारी दिसतात: कारवीच्या काठ्यांचा कूड शेणमातीने लिंपलेलं कौलारू घर, विटांच्या भिंतींवर पत्रा टाकलेलं घर, आणि अलीकडचं चौकोनी स्लॅबचं घर. समजा, यांपैकी कुठल्याही घरात एक चांगला जुना स्टिरिओ आहे, दोन मध्यम स्पीकर आहेत, आणि आता त्याला एक पॉवर्ड सबवूफर, म्हणजे ॲम्प्लिफायर पोटातच असलेला सबवूफर, जोडायचा आहे. वायर जोडायला दहा मिनिटं लागतात. पण तोच सबवूफर तसाच उचलून शेजारच्या घरात नेला तर वेगळा वाजेल, आणि तिसऱ्या घरात आणखी वेगळा. ॲम्प्लिफायरशी त्याचं नातं दोन वायरींपुरतं. खरा संसार घराशी. दुकानात कुणी हे सांगत नाही, कारण दुकानाला घर विकायचं नसतं.

आधी मुळात या पेटीची गरज का पडते ते पाहू. पाच इंची वूफर असलेला स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली हात टेकतो. कारण साधं आहे. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर चौपट हवा हलवावी लागते. दोन सप्तकं खाली आणायचा तर सोळापट. छोट्या पडद्याने एवढी हवा हलवायची म्हणजे त्याला जागेवरून बरंच पुढे-मागे जावं लागतं. जाळी काढून पाहिलं तर पडदा अक्षरशः फडफडताना दिसतो, आणि त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही स्वार असल्यामुळे तोही थरथरतो. सबवूफरचा खरा फायदा इथे आहे. नुसता खालचा आवाज वाढवणं हे त्याचं निम्मंच काम. खालचं ओझं त्याने उचललं की वरचे स्पीकर मोकळे होतात आणि मधल्या पट्टीतला आवाज स्वच्छ होतो.

आपल्या संगीतात हा खर्ज असतो कुठे? पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४च्या जवळ. म्हणजे सबवूफरने ८० हर्ट्झच्या खालचं सांभाळायचं असं ठरवलं, तर पुरुषांच्या मैफिलीतला तानपुऱ्याचा तळ त्याच्याकडे जातो आणि बायकांच्या मैफिलीतला बहुतेक स्पीकरकडेच राहतो. चित्रपटसंगीतातली बास गिटार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. ट्रान्झिस्टरवरही आपल्याला तानपुरा पूर्ण ऐकू आल्यासारखा वाटतो ही मेंदूची करामत आहे. वरच्या स्वरांशांवरून तो नसलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. सबवूफर लावल्यावर तो सूर प्रत्यक्ष खोलीत येतो, आणि फरक कानापेक्षा छातीला आधी कळतो.

आता पाठीमागच्या वायरी.

ॲम्प्लिफायर वळवून पाठ पाहावी. ‘सब आऊट’ किंवा ‘प्री आऊट’ असं लिहिलेली गोल आरसीए भोकं असतील तर काम सोपं. तिथून एक बऱ्या दर्जाची आरसीए वायर सबवूफरच्या ‘लाइन इन’ किंवा ‘एलएफई’ भोकात. सबवूफरला डावं-उजवं अशी दोन भोकं असतील आणि ॲम्प्लिफायरला एकच बाहेरची वाट असेल, तर एकाचे दोन करणारी वाय वायर खुशाल वापरावी. उलट कधी करू नये. ॲम्प्लिफायरच्या डाव्या-उजव्या अशा दोन वाटा वाय वायरने एकत्र बांधून सबवूफरच्या एका भोकात घातल्या, तर दोन्ही बाजूंची मंडलं एकमेकांवर जोर काढत बसतात. दोन सिग्नल एकत्र करायचे ते सबवूफरच्या आत, तिथे त्यासाठी सोय केलेली असते.

‘टेप आऊट’ किंवा ‘रेक आऊट’ पाहून मोहात पडू नये. त्या वाटेने जाणारा आवाज व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच बाहेर पडलेला असतो. स्टिरिओ कमी केला तरी सबवूफर तेवढाच गर्जत राहतो, आणि दर गाण्याला उठून दोन बटणं फिरवावी लागतात.

जुन्या ॲम्प्लिफायरना बहुधा सबवूफरची वाट नसतेच. त्या वेळी लोक म्हणतात, आता नवा ॲम्प्लिफायर घ्यावा लागणार. गरज नाही. बऱ्याच सबवूफरच्या पाठीवर ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ अशी लाल-काळी टर्मिनल्स असतात. ॲम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनल्समधून स्पीकरला वायर गेलेली आहे, तिथूनच आणखी एक पातळ वायर काढून सबवूफरच्या या टर्मिनल्सना द्यायची. लालला लाल, काळ्याला काळं, डावं डावीकडे. स्पीकरच्या वायरी जागच्या जागी राहतात. सबवूफर हजारो ओहमचा अडथळा घेऊन बसलेला असतो, म्हणून ॲम्प्लिफायरवर त्याचा भार जवळजवळ शून्य. काही जाणकार तर सब आऊट असतानाही हीच वाट पसंत करतात, कारण सबवूफरला नेमकं तेच मिळतं जे स्पीकरला मिळतं. मलाही जुन्या ॲम्प्लिफायरसाठी हीच जोडणी बरी वाटते.

पण एक धोका आहे आणि तो महागात पडतो. हल्ली हाताच्या पंज्याएवढे, क्लास-डी जातीचे, स्वस्त आणि ताकदवान ॲम्प्लिफायर ऑनलाइन मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत काळं टर्मिनल हे शून्य नसतं. लाल आणि काळं दोन्ही ‘जिवंत’ असतात आणि एकमेकांच्या विरुद्ध हलतात. पुष्कळ सबवूफरच्या आत मात्र डावं काळं आणि उजवं काळं एकमेकांना जोडलेलं असतं. दोन्ही बाजू जोडल्या की ॲम्प्लिफायरमध्ये शॉर्ट होतो आणि उग्र वासाचा धूर निघतो. असा ॲम्प्लिफायर असेल तर आरसीएचीच वाट धरावी, किंवा सबवूफर बनवणाऱ्याने या जातीसाठी सांगितलेली जोडणी करावी.

गावात ‘वूफर’ म्हणून सगळ्यात जास्त काय दिसतं? दोन, चार किंवा पाच छोट्या पेट्यांसकट मिळणारा ‘होम थिएटर’चा मोठा डबा. नवा सबवूफर घेण्यापूर्वी तोच वापरून बघायला हरकत नाही. ॲम्प्लिफायरच्या सब आऊटमधून वायर त्याच्या ऑक्समध्ये घालायची आणि छोट्या पेट्या काढून ठेवायच्या. फक्त अपेक्षा बेताची ठेवावी. तो डबा बराच वरपर्यंत बोलतो, त्यामुळे बासऐवजी ढबढबाट जास्त येतो, आणि आवाज त्या कोपऱ्यातून येतोय हे लगेच कळतं.

जोडून झालं, बटण चालू केलं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच हुंऽऽऽ असा अखंड सूर आला, तर तो विजेचा सूर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सबवूफर नेमका याच पट्टीत हुशार. स्पीकरवर जो गुणगुणाट कधी ऐकू आला नसता तो इथे उघडा पडतो. बहुतेक वेळा कारण एकच: दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असतात आणि आरसीएच्या वायरीतून त्यांच्यात बारीक प्रवाह फिरत राहतो. टीव्ही स्टिरिओला जोडलेला असेल तर छतावरच्या डिशची वायरही या भानगडीत असते. आधी सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावून पाहावीत. मग डिशची वायर काढून पाहावी. हुंकार थांबला तर चोर सापडला.

सबवूफरच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली तरी हुंकार थांबतो, आणि कितीतरी मेकॅनिक तेच करून देतात. हे करू देऊ नये. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. थांबवायचंच असेल तर आरसीएच्या वाटेवर बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, किंवा हाय लेव्हलची जोडणी करून पाहावी. त्याआधी एक गोष्ट तपासावी: भिंतीतल्या त्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे का? अनेक घरांत भोक असतं, वायर नसते. आणि जिथे अर्थिंगचा खड्डा आहे, तिथे कोळसा-मीठ घातलेला तो खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो. त्यात पाणी ओतणं हे उन्हाळ्यातलं काम समजावं.

यापुढे पेटी कुठे ठेवायची, हा प्रश्न. इथेच आशागडची तीन घरं तीन वाटांनी जातात.

स्लॅबचं घर घेऊ. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, छत १० फुटांवर. इथल्या उबदार हवेत आवाज सेकंदाला ३४८ मीटरच्या आसपास धावतो. ज्या लाटेची निम्मी लांबी खोलीच्या लांबीएवढी असते, ती लाट दोन भिंतींमध्ये जागच्या जागी उभी राहते. १२ फुटांसाठी हिशेब ४७-४८ हर्ट्झला येतो, १० फुटांसाठी ५७ला. झोक्याला त्याच्या वेळेवर हात लावला की हलक्या हातानेही तो उंच जातो, तसं या दोन वारंवारितांना खोली फुगवून ठेवते. त्यातही रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५७चा जोर दुप्पट. गाण्यात तो सूर आला की खोली घुमते, पुढचा सूर आला की गप्प. लोक म्हणतात सबवूफर वाईट आहे. सबवूफर बिचारा जे आलं ते देतोय; भिंती सिमेंटच्या, जमिनीला गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, आवाज जायचा कुठे?

अशा खोलीत कोपरा ही सगळ्यात वाईट जागा, कारण कोपऱ्यातून खोलीतली प्रत्येक उभी लाट पुरेपूर चेतते. नेमकी सगळे लोक पेटी तिथेच ठेवतात, अडचण नको म्हणून. त्याऐवजी करायचं असं. सबवूफर उचलून आपण जिथे बसून ऐकतो त्या खुर्चीवर ठेवायचा. बास गिटारची सावकाश खाली-वर जाणारी चाल असलेलं गाणं लावायचं. मग गुडघे टेकून, कान फरशीपासून हातभर उंच ठेवून, भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. एका ठिकाणी एकच सूर अंगावर येतो, दोन फूट पुढे तो नाहीसा होतो, कुठेतरी सगळे सूर सारखे ऐकू येतात. ती जागा सापडली की तिथे पेटी आणि आपण खुर्चीवर. घरातल्या लहान मुलांना हा कार्यक्रम फार आवडतो. यामागचं तत्त्व भक्कम आहे: आवाज देणारा आणि ऐकणारा यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी मधली वाट तशीच राहते.

कुडाच्या घरात यातलं फारसं काही घडत नाही, आणि ही गोष्ट मला अजूनही मजेशीर वाटते. भिंत किती आवाज अडवते हे मुख्यतः तिच्या वजनावर ठरतं. वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतो. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढाच कमी अडतो. कारवी आणि शेणमातीचा कूड हलका, त्यामुळे ५० हर्ट्झचा सूर त्यातून जवळजवळ न अडखळता बाहेर निघून जातो. वर कौलांच्या फटी आहेतच. लाट उभी राहायला जी भिंत लागते ती या सुरांपुरती तिथे नसतेच. ज्या एकसारख्या बाससाठी शहरातले शौकीन भिंतींना जाड पॅनेल लावून पैसे घालवतात, तो कुडाच्या घरात फुकट मिळतो. मोबदला एवढाच की खोलीची मदत मिळत नाही, म्हणून पेटी जरा ताकदीची हवी. आणि इथे ती कोपऱ्यात ठेवणंच बरोबर. जो काही थोडा आधार मिळतो तो कोपऱ्यातच.

पत्र्याच्या घराचा त्रास वेगळा. पत्रा स्वतः वाजतो. एखाद्या ठरावीक सुराला छताचा एक तुकडा घरघरायला लागतो आणि तो आवाज गाण्यापेक्षा मोठा वाटतो. मोबाइलवर सूर काढणारं ॲप मोफत मिळतं. ते स्टिरिओला लावून २५पासून १२० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू वर न्यावा आणि घर काय काय बोलतंय ते ऐकावं. छताचा स्क्रू, खिडकीची काच, भिंतीवरची तसबीर, मांडणीतली एकात एक ठेवलेली ताटं, कपाटावरचा रिकामा डबा, सगळे एकेक करून हजेरी देतात. तसबिरीमागे रबराचे दोन तुकडे चिकटवावेत, ढिल्या स्क्रूखाली रबरी वॉशर घालावा. शंभर रुपयांच्या आतल्या या कामाने आवाज जेवढा सुधारतो तेवढा महागड्या वायरीने कधीच सुधारत नाही.

जागा ठरली की पेटीच्या पाठीवरची बटणं. पहिलं क्रॉसओव्हर: याच्या खालचं सबवूफरने वाजवायचं. ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी. या सुराची लाट चार मीटरहून लांब, आणि आपल्या दोन कानांतलं अंतर वीतभरही नाही, म्हणून आवाज कुठून येतोय हे कानाला उमगत नाही आणि खर्जही समोरच्या स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो. बटण १२०-१५०वर नेलं की पुरुषाचा आवाज पायाखालून यायला लागतो.

दुसरं फेज, बहुधा ० आणि १८० असा खटका. सबवूफर हवा पुढे ढकलतोय आणि त्याच क्षणी स्पीकर मागे ओढतोय असं झालं तर दोघांची मेहनत एकमेकांत जिरते. ॲपवर ८० हर्ट्झचा सूर लावून खुर्चीवर बसावं आणि दुसऱ्याला खटका खाली-वर करायला सांगावं. ज्या बाजूला आवाज मोठा येतो ती बाजू बरोबर. एवढंच.

तिसरं लेव्हल, आणि इथे हात आवरावा लागतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाचा एक विचित्रपणा मोजून दाखवला: खालच्या सुरांना कान जवळजवळ बहिरा असतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा हलका सूर जेवढा वाटतो, तेवढा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला, आजच्या मोजमापांनुसार, जवळपास ७८ डेसिबल लागतात. पण एकदा उंबरठा ओलांडला की तिथे थोड्याच डेसिबलमध्ये आवाज भराभर मोठा होतो. लेव्हलचं बटण केसभर फिरवलं आणि बास एकदम अंगावर आला, यात बटणाचा दोष नाही. रात्री व्हॉल्यूम कमी केला की सगळ्यात आधी बास नाहीसा होतो, तोही याच कारणाने. नेहमी ज्या आवाजात ऐकतो त्याच आवाजात लेव्हल बसवावी, ओळखीचं गाणं लावून. सबवूफर चालू आहे हे कळायला लागलं की बटण थोडं मागे घ्यावं. तो बंद केल्यावर मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

डहाणूच्या दमट पावसाळ्यासाठी दोन शब्द. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर काही वर्षांत तिचा भुगा होतो; घेताना रबराची कड पाहून घ्यावी. पेटी थेट जमिनीवर टेकवू नये. खालून ओल चढली की भुश्याचा दाबलेला बोर्ड फुगतो. पुढे किंवा मागे गोल भोक असलेल्या पेटीत पाल, मुंग्या आणि उंदराचं पिल्लू यांना आयतं घर मिळतं; भोकावर सैल जाळीचं कापड ताणून बसवावं. वीज कडकडायला लागली की प्लग काढावा, आणि डिशची वायरही.

शेवटी शेजार. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी घरातल्या यंत्राने आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भर घालता कामा नये असंही नियम सांगतो. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे असतात, म्हणजे मीटर कानासारखाच खालच्या सुरांकडे कानाडोळा करतो. ५० हर्ट्झला तो तब्बल ३० डेसिबल वजा धरतो. कुंपणावर ८० डेसिबलचा खोल हुंकार असला तरी मीटर ५० दाखवणार, आणि दिवसाच्या मर्यादेत सगळं आलबेल. घरात ज्याची झोप मोडली आहे त्याला हे आकडे दाखवून उपयोग नसतो. लग्नसराईत रात्री लांबच्या पाड्यावरून ऐकू येतं ते गाणं नसतं, नुसता ठोका असतो. वरचे सूर हवेत, झाडीत आणि भिंतींत विरतात, ढोल तेवढा पोचतो.

आपल्या कुडातून किंवा पत्र्यातून शेजारी जे पोचतं तेही असंच, बिनगाण्याचा ठोका. म्हणून लेव्हल बसवून झाली की गाणं चालू ठेवून बाहेर पडावं, शेजारच्या घराच्या भिंतीशी, जिकडे त्यांची झोपायची बाजू असेल तिकडे, मिनिटभर उभं राहावं, आणि परत येऊन रात्रीसाठी लेव्हल कुठे ठेवायची त्याची पेटीच्या पाठीवर पेन्सिलने खूण करावी.